सिद्धलिंगप्पांचा नंदी

बैठकीत सगळं ठरलं. मानपान ठरले, अक्षतेचा दिवस ठरला, वरातीला बँड कुणाचा यावर भांडण होऊन तेही मिटलं. चहाची दुसरी फेरी आली तशी सिद्धलिंगप्पांनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय सैल सोडले. मुलीच्या बापानं बैठक उठेपर्यंत पाय सैल सोडू नयेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. होणारे व्याही शरणप्पा, अक्कलकोटचे भुसार व्यापारी, बशीतला शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "आयतु! कामाचं झालं, आता जरा माणसासारखं बोलू. दुकान मी चालवतो, पण जीव माझा बाजाच्या पेटीत. पेटी पुढं ओढली की दारात गिऱ्हाईक उभं राहिलं तरी दिसत नाही. हा माझा धाकटा भाऊ तिप्पण्णा, आखाड्यातला गडी. त्याला बाहेर कुणी लोळवलं नाही, घरात बायको रोज लोळवते. आमचा पोरगा बुद्धिबळ खेळतो. तुमचं काय, बीगरे? तुम्हाला कशाचा नाद?"

बीगरे म्हणजे व्याहीबुवा. कानडीत ही हाक मोठी गोड लागते, पण सिद्धलिंगप्पांना ती कचेरीतल्या नोटिशीसारखी लागली.

"मी... कचेरीत असतो," ते म्हणाले.

"ते झालंच की. सुटल्यावर?"

"सुटल्यावर घरी येतो."

सगळे हसले. वाईट मनानं कुणी हसलं नाही, आणि तेच सिद्धलिंगप्पांना जास्त लागलं. कुणी टाकून बोललं असतं तर निदान राग तरी धरता आला असता. पाहुणे गेल्यावर त्यांची लेक महादेवी कपबशा गोळा करत होती. ती सहज म्हणाली, "अप्पा, निदान पत्ते तरी सांगायचे होते."

त्या रात्री सिद्धलिंगप्पांना भाकरी गोड लागली नाही. बाळीवेशीत राहणारा, सरकारी कचेरीत आयुष्य घासलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस. विडी नाही, तंबाखू नाही, नाटक नाही, भजन नाही. आजवर हे सगळं त्यांना सद्गुण वाटत होतं. आता एकदम वाटलं, आपल्या आत काही नाहीच की काय? उद्या सासरी कुणी विचारलं, तुझे अप्पा काय करतात गं, तर पोरीनं काय सांगायचं? घरी येतात, असं? त्यांनी मनाशी ठरवलं की अक्षता पडायच्या आत आपला उपजत गुण शोधून काढायचा आणि पोरीला मांडवात मान वर करून उभं राहता येईल असं काहीतरी करून दाखवायचं.

योग असा की त्याच सुमारास वाचनालयाची व्याख्यानमाला सुरू झाली. पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. पुण्याचा माणूस चैत्रात सोलापूरला आला की पहिला अर्धा तास उन्हावरच बोलतो, तसे तेही बोलले. मग मूळ विषयाला आले. "प्रत्येकाच्या ठायी एक देणगी असते. ती बाहेर शोधू नका. शांत बसा, डोळे मिटा, आत डोकवा. काय करताना आपल्याला वेळेचं भान राहत नाही, एवढंच स्वतःला विचारा." सिद्धलिंगप्पा पंख्याखालची जागा धरून बसले होते. व्याख्यात्यांची नजर वारंवार त्या पंख्याकडं जात होती, पण सिद्धलिंगप्पांना वाटलं, हे खास आपल्याशीच बोलतायत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आत्मपरीक्षण.' खोटं कारण लिहायची त्यांना सवय नव्हती, आणि सरकारदरबारी खऱ्या कारणाइतकी अडचण दुसऱ्या कशाची होत नाही.

"परीक्षण?" साहेब म्हणाले. "आपलं ऑडिट दिवाळीनंतर असतं."

"ते दप्तराचं, साहेब. हे माझं."

"तुमच्यावर काही चौकशी लागलीये का?"

"नाही साहेब."

"मग आपणहून कशाला ओढवून घेताय? बरं, मुख्यालय सोडून जाणार आहात का?"

"नाही साहेब. आतच जायचंय. माझ्या."

साहेबांनी चष्मा काढला, सिद्धलिंगप्पांकडं बराच वेळ मायेनं पाहिलं, आणि या कारणासाठी रजा कोणत्या नियमात बसते ते आठवून पाहिलं. कोणत्याच नियमात बसत नव्हती. "डॉक्टरांचा दाखला आणा," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि वहिनींना सांगा, काही लागलं तर कळवा."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि 'विश्रांतीची आवश्यकता' असा दाखला दिला. रजा मिळाली. पण दाखल्याची बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली होती. दारात चपला दिसल्या. घरात शेजारच्या बाळाबाई आणि गिरणीतून निवृत्त झालेले निंगप्पा चेहरे पाडून बसले होते. लेकीचं लग्न तोंडावर आणि बापानं अंथरूण धरलं, या विचारानं बाळाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय हुतंय अण्णा तुमास्नी?" त्यांनी विचारलं. बाळाबाई सांगोल्याकडच्या. शहरात येऊन जन्म गेला, पण बोली काही सुटली नव्हती.

"काही होत नाही हो. आत काय आहे ते बघायचंय."

"मंग फोटू काढा की. आमच्या बिरप्पाचा काढला हुता दवाखान्यात. समदं दिसतंय त्यात, हाडंबी दिसत्यात."

"फोटोनं काय होतंय?" निंगप्पा म्हणाले. "उपाशी बसा. पोट रिकामं झालं की आतलं सगळं आपोआप दिसायला लागतंय बघा."

सिद्धलिंगप्पांनी दोघांना व्याख्यानाचा सारांश सांगितला. दोघांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि जाताना त्यांच्या बायकोला, नागव्वांना, बाजूला घेऊन सांगितलं की यांना एकटं सोडू नका. नागव्वांनी मान डोलावली. नवऱ्याला त्या पुरतं ओळखून होत्या, आणि लग्नघरात पुरुष माणूस घरी राहणार, एवढंच त्यांना दाखल्यात दिसलं होतं.

आत डोकवायला शांत जागा लागते. घरात शिंपी, कासार, पत्रिकांना हळदकुंकू लावणाऱ्या बायका. सिद्धलिंगप्पा गच्चीवर गेले. तिथं बाळाबाईंनी लग्नासाठी घातलेल्या कुरडया वाळत होत्या. "वर बसताच आहात तर कावळे हाका," नागव्वांनी खालून सांगितलं. आता कावळे हाकायचे तर डोळे उघडे हवेत आणि आत बघायचं तर मिटलेले हवेत. सिद्धलिंगप्पांनी काही काळ एक डोळा मिटून पाहिला. मग तत्त्वाला धरून दोन्ही मिटले.

उघडले तेव्हा कावळ्यांची पंगत उठत होती.

 बाळाबाईंनी कुरडयांचं रिकामं धोतर झटकलं, घडी घातली, खाली जाऊन दार लावून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "आमच्या कष्टाला किंमत न्हाय. लगीन तुमचं तुमी करा." नागव्वा दारापाशी जाऊन दोनदा परत आल्या. शेवटी सिद्धलिंगप्पा गेले आणि उंबऱ्यावर बसून राहिले. माफी मागावी हे त्यांना सुचलंच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी आपलं सहज विचारलं, "इतक्या बारीक कुरडया घालायला तुम्हाला शिकवलं कुणी हो?"  आतून उत्तर आलं, सासूनं. मग दार किलकिलं झालं आणि सासू आली, सासूचा सोऱ्या आला, दुष्काळात टँकरच्या पाण्यात चीक शिजवला ते आलं. दिवेलागणीला सिद्धलिंगप्पा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती आणि बाळाबाई पाठोपाठ परत गहू भिजत घालायला येत होत्या.

"दिवस फुकट गेला," सिद्धलिंगप्पा नागव्वांना म्हणाले. "आत बघायला वेळच मिळाला नाही."

नागव्वांनी तोंडाला पदर लावला.

पुढचा दिवसही तसाच गेला. निंगप्पांचा साडू रावजी वैरागहून लग्नाला म्हणून लवकर आला होता आणि आल्याआल्या कुणी हातपाय धुवायला पाणी दिलं नाही म्हणून पिशवी उचलून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. निंगप्पा धापा टाकत आले. "सिद्धलिंगप्पा, तुम्ही चला." आपणच का, असा प्रश्न सिद्धलिंगप्पांना पडला नाही, कारण लोक त्यांना अशा वेळी नेहमीच बोलवायचे. ते गेले, वैरागच्या गाडीची वाट पाहत रावजीशेजारी बसले, आणि तीच गाडी आली तेव्हा दोघांचं बाजारातल्या मिरचीवर इतकं रंगलं होतं की गाडी निघून गेलेली रावजीला कळली नाही. सिद्धलिंगप्पा परत आले आणि कपाळाला हात लावून बसले. रजा संपत आली होती आणि आतला गुण अजून आतच होता.

अखेर एकदाची आठवण सापडली. लहानपणी बेंदराला ते मातीचे बैल करायचे! बैल कसे व्हायचे ते आठवत नव्हतं, पण हात चिखलात असायचे एवढं नक्की. सिद्धलिंगप्पा उठून उभे राहिले. मांडवाच्या दारात आपल्या हातचा नंदी बसवायचा. वऱ्हाड आत शिरताना विचारील, हे कुणी केलं? महादेवी म्हणेल, माझ्या अप्पांनी.

तळ्याकाठची काळी माती आली. लग्नाआधी सारवून ठेवलेलं अंगण पुन्हा चिखलात गेलं. नंदी मांडी ठोकून बसला. पण उन्हानं त्याची मान तडकली. तडा बुजवायला माती लिंपली, तशी मान जाड झाली. पुन्हा तडकली, पुन्हा जाड झाली. शिंगं उभी राहीनात म्हणून ती काढून टाकून वर फेटा बांधल्यासारखं काहीतरी केलं. कान दोनदा गळून पडले, तेव्हा ते डोक्याला चपटे दाबून बसवले. छाती मात्र भरदार आली होती. बाळाबाईंनी चहूबाजूंनी पाहिलं आणि मनापासून म्हणाल्या, "लई झ्याक झालाय की बेडूक."

"तो नंदी आहे."

"आसंल, आसंल. देवाची करनी."

निंगप्पा बराच वेळ पाहत राहिले. "याला कुठंतरी बघितलाय मी," ते म्हणाले, पण कुठं ते त्यांना आठवलं नाही. आठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. सिद्धलिंगप्पांनी नंदीला चुना दिला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले आणि लग्नाच्या सकाळी दोघा गड्यांकरवी कार्यालयाच्या दारात बसवला. इतक्या अभिमानानं त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशाकडं पाहिलेलं नव्हतं.

अक्कलकोटची बस आली. पहिली पोरं उतरली आणि नंदीपुढं थबकली. त्यातलं एक किंचाळलं, "तिप्पण्णाकाका!"

आणि मग सगळ्यांना ते दिसलं. तीच जाड मान, तीच पुढं काढलेली छाती, तोच फेटा. आखाड्यात मोडलेले पैलवानी कान तर जसेच्या तसे. शरणप्पांना हसू आवरेना. ते कमरेवर हात ठेवून गरजले, "तिप्पण्णा, बघ रे! सोलापूरकरांनी तुझा पुतळा बसवला! आता बायको याला लोळवते का बघू!" सगळं वऱ्हाड खदखदून हसलं.

तिप्पण्णांचा एक पाय बसच्या पायरीवर होता. त्यांनी नंदीकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, पाय वर घेतला आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसले. "पुतळा आहे ना मांडवात," ते म्हणाले. "मग माझं काय काम?"

वाटलं, पाच मिनिटांचा राग. पण वेशीपासून वाजतगाजत आलेला नवरदेव घोड्यावरून उतरला तो थेट बसपाशी गेला. या काकाच्या खांद्यावर बसून तो लहानाचा मोठा झाला होता. काका बसमधून उतरत नाहीत तोवर मी अक्षतेला उभा राहणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. शरणप्पा समजूत घालायला गेले, पण त्यांना विनोद केल्याशिवाय बोलता येत नव्हतं. मग त्यांनी पेटी मागवली आणि बसच्या खिडकीखाली एक आळवणी सुरू केली. तिप्पण्णांनी काच ओढून घेतली. मांडवात लग्न लावायला आलेले जंगम स्वामी घड्याळाकडं आणि सिद्धलिंगप्पांकडं आळीपाळीनं पाहत होते. कुणीतरी म्हणालं, "वरात परत जाते बहुतेक."

सिद्धलिंगप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याला नाद नाही म्हणून पोरीची मान खाली जाऊ नये एवढ्यासाठी आटापिटा केला, आणि त्या नादापायीच तिचं लग्न मोडत होतं. त्यांनी आचाऱ्याच्या हातातलं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ढवळायचं लाकडी उलथणं घेतलं आणि नंदी फोडायला निघाले. तेवढ्यात बाशिंग बांधलेली महादेवी आतल्या खोलीच्या दारात आली.

"अप्पा, नंदीला राहू द्या. तुम्ही बसमध्ये जा."

"मी जाऊन काय करू पोरी? सगळं माझ्यामुळंच झालं."

"नेहमी करता तेच करा," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी नव्हती.

नेहमी आपण काय करतो ते सिद्धलिंगप्पांना समजलं नाही. पण लेकीनं सांगितलं म्हणून ते गेले.

बस तव्यासारखी तापलेली. ते तिप्पण्णांच्या पुढच्या बाकावर बसले, त्यांच्याकडं पाठ करून. बोलायला काही नव्हतंच. कपाळावरचा घाम पुसून ते म्हणाले, "मला यातलं काही येत नाही हो. उगाच बैल करायला गेलो."

 मागून आवाज आला, "बैल आहे तो?"

"नंदी."

"मग शिंगं?"

"उभीच राहीनात."

"आणि कान?"

"मोडले. परत लावले, परत मोडले."

तिप्पण्णांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडं गेला. "माझा डावा मिरजेच्या मैदानात मोडला," ते म्हणाले. सिद्धलिंगप्पांनी मागं वळून तो कान पाहिला. खरोखर कुतूहलानं पाहिला. कसा मोडला, दुखला का, कुस्ती कोणत्या डावावर गेली, हे सगळं त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि हळूहळू तिप्पण्णा बोलू लागले. मिरजेची कुस्ती मारून ते फेटा घेऊन घरी आले तेव्हा घरात पेटीची मैफल भरली होती. कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्यानंतर थोरल्या अण्णाच्या तोंडी बायकोनं लोळवल्याचा विनोदच तेवढा राहिला, प्रत्येक बैठकीत, प्रत्येक लग्नात. "नंदीचं काय हो," तिप्पण्णा म्हणाले, "नंदी बिचारा गप तरी बसलाय."

"मिरजेला डाव कोणता टाकला होता?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

"सांगून कळायचा नाही. उठा. दाखवतो."

बाहेर जमलेल्या मंडळींना एवढंच दिसलं की तिप्पण्णांनी मुलीच्या बापाची मानगूट धरली आहे आणि त्याचे पाय वर चाललेत. एकच ओरडा झाला. शरणप्पा पेटी टाकून धावले, निंगप्पा धावले, बाळाबाई लाटणं घेऊन धावल्या. बसचं दार उघडलं आणि आतून सिद्धलिंगप्पा उतरले. टोपी पुढं मागं, सदऱ्याचं बटण तुटलेलं, चेहरा मात्र खुललेला. मागून तिप्पण्णा उतरले, त्यांच्या खांद्यावर हात टाकून. "चला, अक्षता कुणासाठी थांबवल्यात?" ते म्हणाले. त्यांनी दारातला नंदी एकट्यानं उचलला, मांडवात पहिल्या ओळीत ठेवला आणि त्याच्या शेजारी छाती काढून बसले. मग भावाकडं वळून म्हणाले, "अण्णा, आता कुणी मला आणि याला एकत्र हसलं तरी चालेल. पण घरातला विनोद आजपासून बंद." शरणप्पांनी पहिल्यांदाच विनोद न करता मान डोलावली.

"फार तर पाच मिनिटं लागली," सिद्धलिंगप्पा स्वामींना म्हणाले.

"पाच मिनिटं?" स्वामी म्हणाले. "मुहूर्त टळायच्या बेतात आहे. केव्हापासून आत आहात!"

अक्षता पडू लागल्या. सिद्धलिंगप्पांची मूठ मात्र तशीच मिटलेली राहिली. वेळेचं भान. पुण्याचे प्राध्यापक काय म्हणाले होते ते त्यांना आत्ता कळत होतं. उंबऱ्यावर दिवेलागण झालेली कळली नव्हती, स्टँडवर वैरागची गाडी गेलेली कळली नव्हती. गच्चीवर डोळे मिटून ज्याला शोधत होते तो गुण खाली लोकांच्या दारोदार फिरत होता. नागव्वांनी कोपरानं ढोसलं तेव्हा त्यांनी अक्षता टाकल्या, त्याही नवरानवरीऐवजी स्वामींच्या अंगावर पडल्या.

हुग्गीच्या पंगतीत शरणप्पा एकेकाला थांबवून सांगत होते, "हे आमचे बीग. मी पेटीवर माणसं नादावतो, हे नुसते शेजारी बसून नादावतात. असली विद्या अक्कलकोटात कुणाला नाही." महादेवी ऐकत होती. ती हसली, आणि ते हसणं पाहून सिद्धलिंगप्पांना दोन वाट्या हुग्गी जास्त गेली. खरंच मोठा माणूस होता तो. फक्त हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं, आणि कळण्याचे काही तोटे असतात.

ते संध्याकाळी कळले. बस गेली, मांडव उतरला, पाहुणे पांगले. दिवे लावायच्या वेळी नागव्वा स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. सिद्धलिंगप्पा दारात थांबले. आता ते कुणी साधेसुधे नव्हते. त्यांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि शेजारी बसून आवाजात शक्य तेवढा ओलावा आणून म्हणाले, "हे बघ, तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. दिवसभर तुझी कुणी विचारपूस केली नाही..."

नागव्वांनी वळून पाहिलं. "हे काय बोलायलात?"

"तुझी समजूत काढतोय."

"काढू नका." त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या. "आजवर कधी समजूत काढली का तुम्ही कुणाची? नुसतं येऊन बसत होता. कुणाच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीतच नसायचं. म्हणून तर माणसं सांगत होती."

 काय बोलावं ते सिद्धलिंगप्पांना खरोखरच सुचेना. शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता. ते तसेच बसून राहिले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लेकीची खोली उघडी होती आणि तिकडं बघायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

बऱ्याच वेळानं नागव्वा म्हणाल्या, "बसमध्ये बसताना तिनं मागं वळून बघितलं नाही."

"मला नव्हतं माहीत," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"मग ऐका," नागव्वा म्हणाल्या, आणि त्यांच्या जरा जवळ सरकून बसल्या.